सुनिलच्या दुकानावरची पाटी

देवरामकाकांनी उभं आयुष्य लेबलं चिकटवण्यात घालवलं. आसनगावच्या एका तेलाच्या कारखान्यात ते पॅकिंगला होते. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या आणि काका प्रत्येकीच्या पोटावर लेबल बसवायचे. पुढे मशीन आलं, तेव्हा मशीनवर नजर ठेवायलाही त्यांनाच उभं केलं. एखादं लेबल जरा जरी वाकडं दिसलं की काका पट्टा थांबवायचे. साहेब ओरडायचा. काका शांतपणे सांगायचे, "साहेब, बाटलीला तोंड नाय. तिचं म्हननं ती कशी सांगनार?"

अशा माणसाला रिटायर करून घरी पाठवलं तर काय होणार, ते आम्ही किन्हवलीकरांनी डोळ्यांनी पाहिलं. आमचं घर त्यांच्या घराला लागून. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. हळदीच्या डब्यावर 'हळद', खाली दळल्याची तारीख. मिठाच्या बरणीवर 'मीठ', खाली 'ओला हात लावू नये'. काकांच्या पत्नी जनीकाकी शिकलेल्या होत्या, त्यांना वाचता येत होतं. पण हळद ओळखायला वाचावं लागतं, हे त्यांना नवीनच होतं. मग एके दिवशी काकांनी छत्रीवर 'कोरड्या जागी ठेवावी' असं लेबल लावलं, तेव्हा मात्र त्या आमच्या पडवीत येऊन पोट धरून हसल्या.

"हसायला काय झालं?" काका कुंपणापलीकडून म्हणाले. "ओली ठेवली तर काड्या गंजतील."

कोंबडीचं प्रकरण सुरू झालं ते सुनिलच्या दुकानात. सुनिलचं चिकनचं दुकान एसटी थांब्याच्या मागे. बाहेर जाळीचा पिंजरा, आत ओंडका, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. काका वर्षानुवर्षं तिथूनच कोंबडी न्यायचे. त्या रविवारी मात्र पिशवी हातात आल्यावर त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"सुनिल, यावर काय लिवलेलं नाय."

"पिशवीवर? काय लिवायचं असतं काका?"

"कुठची कोंबडी, कोनी वाढवली, काय खाऊन वाढली, कधी कापली."

"कधी कापली?" सुनिलच्या हातात सुरा तसाच होता. "काका, तुमी समोर उभे हात! मगाशी ती तुमच्याकडं बघत व्हती!"

मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पिशवी नेली, पण त्यांचं मन लागलं नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, की लेबल नसलेली कोंबडी या घरात शिजणार नाही.

आता, जनीकाकींच्या घरामागच्या परड्यात त्यांच्या स्वतःच्या गावठी कोंबड्या होत्या. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्यांनी हाताने दाणे घातलेल्या. त्यांनी विचारलं, "आनि माज्या कोंबड्या?"

काका अडखळले. पण तत्त्व ते तत्त्व. "त्यांच्यावर तरी काय लिवलंय गो?"

काकींनी हातातलं सूप जमिनीवर ठेवलं आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या घरी डाळभात झाला. पुढचे बरेच दिवस डाळभातच झाला.

आसनगावला स्टेशनजवळ त्याच सुमारास एक काचेचं दुकान उघडलं होतं. आत थंडगार, पांढरे दिवे, फ्रिजमध्ये एका रांगेत चिकनची पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटाला लेबल. काकांना ही बातमी कळली तेव्हा त्यांचा चेहरा माहेरून निरोप आलेल्या सुनेसारखा झाला. निघताना त्यांनी शेजारच्या विठूकाकांना बरोबर घेतलं. विठूकाका म्हणजे काकांचे शाळेपासूनचे सोबती. त्यांना कोंबडीत रस होता, लेबलात नव्हता.

दुकानात रविना नावाची मुलगी काउंटरला होती. वासिंदकडची, चटपटीत, डोक्यावर कंपनीची टोपी. काकांनी चष्मा चढवला, एक पाकीट उचललं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पॅक केल्याची तारीख. वापरण्याची शेवटची तारीख. परवान्याचा नंबर. निव्वळ वजन. कुठे ठेवावं, किती थंड ठेवावं. प्रत्येक ओळीला त्यांची मान डुलत होती. गाणं ऐकताना डुलते तशी.

"बघ विठू! काय लपवलेलं नाय. सगळं सांगितलंय."

विठूकाकांची नजर मात्र पाकिटाच्या वरच्या भागावर होती. तिथे हिरव्या, फुगीर अक्षरांत लिहिलं होतं, अँटिबायोटिक फ्री. त्यांनी रविनाकडे हात पुढे केला.

"दे मग."

"काय देऊ काका?"

"यावर फ्री लिवलंय ते. माजा घसा चार दिवस धरलाय, बरं झालं."

रविनाला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने टोपी पुढे ओढून तोंड झाकलं. "काका, फ्री म्हंजे फुकट नाय. यात ते औषध नाय, असं."

"नाय तर लिवलंय कशाला? नाय ते लिवायला बसलो तर माज्या घरावर किती पाट्या लागतील!" विठूकाका खट्टू झाले. पण वाचायची गोडी त्यांनाही लागली होती. ते दुसरी ओळ बघायला लागले. "हे काय? शाकाहारी खाद्यावर वाढवलेली. आनि खाली तो मांसाहाराचा शिक्का. देवराम, ही कोंबडी माळकरी हाय. हिला आपन खायची म्हंजे पापच लागंल."

काका विठूकाकांकडे दुर्लक्ष करून रविनाला विचारत राहिले. हॉर्मोन फ्री म्हणजे काय? पिंजऱ्याविना म्हणजे काय? फार्म फ्रेश म्हणजे कोणतं फार्म? रविनाला या दुकानात येऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे तिला अजून खरं बोलायची सवय होती. ती हळूच म्हणाली, "काका, हॉर्मोन कोंबडीला तसं पन कोनी देत नाय. ट्रेनिंगमध्ये सांगितलं आमाला. आनि फार्म फ्रेश म्हंजे... ते चांगलं वाटतं वाचायला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजे जे कोनीच करत नाय, ते आमी करत नाय, असं लिवलंय?"

"हां. तसंच."

"हे तर तांदळाच्या गोनीवर 'यात विंचू नाय' लिवल्यासारखं झालं."

"विंचू नाय लिवलं तर मी उलट घाबरंन," विठूकाका म्हणाले.

तरी काकांनी पाकीट घेतलं. तारखेवर आणि परवान्यावर त्यांचा विश्वास होता. खरी पंचाईत पुढे झाली. लेबलवर लिहिलं होतं, कायम थंड ठेवा. बाहेर एप्रिलचं ऊन आणि किन्हवलीची जीप भरल्याशिवाय सुटत नव्हती. काकांनी पाकीट ओल्या टॉवेलात गुंडाळलं, मग रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून आणला, आणि तो बर्फ मांडीवर घेऊन बसले. जीप शहापूर ओलांडेपर्यंत त्यांची पँट पुढून भिजली. शेजारी बसलेल्या बाईने आपली पिशवी जवळ ओढली आणि तोंड खिडकीकडे केलं. विठूकाकांनी सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बर्फ हाय तो, बर्फ!" त्याने लोकांचा संशय अजूनच वाढला.

घरी पोचेपर्यंत पाकीट कोमट झालं होतं. जनीकाकींनी त्यावर हात ठेवला.

"लेबल गार हाय म्हनतंय, कोंबडी गरम हाय. कोनाचं खरं मानू?"

लेबलानेच सांगितलं होतं, की गार राहिली नाही तर खाऊ नका. शेवटी ते पाकीट काकांनी स्वतःच्या हाताने परड्यात खड्डा करून पुरलं. विठूकाका आशेने ताट घेऊन आले होते, ते डाळभात जेवून गेले.

इतकं होऊन काका गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांनी सुनिलच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून लोकांना शहाणं करायचं मनावर घेतलं. "तारीख विचारा. परवाना विचारा. काय खाल्लं ते विचारा." लोकांना चिकन मिळेपर्यंत दुसरा उद्योग नसायचा, म्हणून ते विचारायला लागले. एकाने विचारलं, ही कोंबडी शाकाहारी हाय का. दुसऱ्याने विचारलं, हिचा जन्म कुठला. तिसऱ्याने नुसतीच गंमत म्हणून हिचं आडनाव विचारलं. सुनिल बिचारा सुरा चालवू की उत्तरं देऊ, असा झाला. एका सकाळी तो तणतणत काकांच्या ओटीवर येऊन बसला.

"काका, हे खूळ तुमी लावलंय, तुमीच निस्तरा. मला एक पाटी करून द्या. त्या काचेच्या दुकानात हाय तेच सगळं लिवा. शाकाहारी, हॉर्मोन फ्री, पिंजरा फ्री. आनि फार्म फ्रेश लिवा मोठ्या अक्षरांत."

काकांचे डोळे चमकले. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी त्यांना काम सांगितलं होतं. पण ते म्हणाले, "लिवतो. पन बघितल्याशिवाय एक अक्षर लिवनार नाय."

सुनिलचा माल मुरबाड रस्त्यावरच्या भाविकच्या शेडमधून यायचा. दुसऱ्याच दिवशी सुनिल आपल्या टेम्पोत काकांना बसवून तिकडे घेऊन गेला. भाविक पंचविशीतला, बापाच्या शेतात शेड टाकून कोंबड्या पाळणारा. त्याने काकांच्या पायात प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, कारण बाहेरचा रोग आत नको. काकांना तो माणूस तिथेच आवडला.

आत भाताच्या तुसावर पांढऱ्या कोंबड्यांचा पूर पसरला होता. काका इकडे तिकडे बघायला लागले.

"पिंजरे कुठं हात?"

"पिंजरे कशाला?" भाविक म्हणाला. "पिंजऱ्यात अंड्यावाल्या ठेवतात काका. खायच्या कोंबड्या सगळीकडे अशा खालीच असतात."

"म्हंजे त्या काचेच्या दुकानातली पन?"

"ती पन अशीच. दाटीवाटीत, पन पिंजऱ्याविना."

सुनिल खूश झाला. "लिवा काका! पिंजरा फ्री!"

औषधाचं विचारलं तर भाविकने सरळ सांगितलं. आजार आला तर डॉक्टर सांगेल ते द्यावं लागतं, नाहीतर सगळी शेड जाईल. मात्र औषध दिलं की ठरलेले दिवस जाऊ द्यायचे, तोवर एकही कोंबडी विकायची नाही. काकांनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खाद्याच्या गोणीकडे गेलं. गोणीला शिवणीजवळ एक लेबल होतं, नखाएवढ्या अक्षरांचं. काका त्याच्यासमोर मांडी घालून बसले. मका. सोयाची पेंड. तेल. क्षार. आणि सगळ्यात शेवटी, सुक्या मासळीची भुकटी.

"सुनिल," काका गंभीर आवाजात म्हणाले, "तुजी कोंबडी मासे खाते."

"तर काय झालं? सुकट आपन पन खातो!"

"खातो. म्हनून आपल्या कपाळावर शाकाहारी लिवलेलं नाय."

परत येताना टेम्पोत दोघांचं भांडण झालं. सुनिलचं म्हणणं, ती शेवटची ओळ कोण वाचतंय. काकांचं म्हणणं, मी वाचलंय. वाटेत सुनिलने टेम्पो थांबवून चहा पाजला, तरी काका बधले नाहीत. शेवटी पाटी तयार झाली ती काकांच्या मनासारखी. मोठा पांढरा पत्रा, त्यावर काळ्या रंगात सरळ रेषेत अक्षरं:

'कोंबडी मुरबाड रस्त्यावरच्या शेडमधली. कापली तुमच्या समोर. खाद्य मका, सोया आणि थोडी सुकी मासळी. शेडमध्ये पिंजरा नाही; खायच्या कोंबडीला वाढताना तो कुठेच नसतो. हॉर्मोन नाही, ते कोणीच देत नाही. औषध आजारी पडली तरच. शाकाहारी नाही. चव शिजवणाऱ्याच्या हातावर.'

सुनिलने पाटी वाचली आणि कपाळाला हात लावला. "काका, हे वाचून कोन घेईल?"

पण रविवारी उलटंच झालं. लोक थांबून पाटी वाचत होते, हसत होते, मोबाईलवर फोटो काढत होते आणि हसता हसता रांगेत लागत होते. कल्याण-डोंबिवलीहून शेतघरावर आलेली माणसं गाडीतून उतरायला लागली. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "गावठी मिळेल का? अशीच लेबलवाली?"

त्या वेळी जनीकाकी भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या तशाच घरी आल्या आणि काकांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सगळ्या दुनियेच्या कोंबड्यांना लेबल लावत फिरता. माज्या कोंबड्या बेवारशी हात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पायात चपला घालून परड्यात उतरले आणि काकींच्या तांबड्या कोंबडीच्या मागे चालायला लागले. ती काय खाते ते बघितल्याशिवाय लिहिणार कसं? कोंबडी उकिरड्यावर गेली, काका उकिरड्यावर गेले. कोंबडी आमच्या कुंपणाखालून आत आली, काका फाटकाने वळसा घालून धापा टाकत आले. तिने भाताचे दाणे टिपले. मग मुंग्या. मग गांडूळ. मग पडवीतल्या पालीचं शेपूट, ते वळवळत असतानाच. मग माझ्या आईने वाळत घातलेल्या सांडग्यांतला एक. मग थर्माकोलचा तुकडा, तो तिने चोचीत धरून टाकून दिला. काका दर वेळी वाकून बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पाल! पाल पन खाते!" माझी आई ओट्यावरून ओरडली, "सांडगा पन लिवा हां त्यात! आमचा हाय तो!"

संध्याकाळी त्यांनी कागदी पट्ट्या कापल्या, तांदळाच्या पिठाची खळ शिजवली आणि लेबलं तयार केली. काकींनी एक उचलून वाचलं. 'गावठी कोंबडी. किन्हवलीत जन्म. वाढवणारी जनी देवराम. खाद्य, जे दिसेल ते.'

"जे दिसेल ते?" काकी म्हणाल्या. "इज्जत काढली माज्या कोंबड्यांची." पण आपलं नाव त्यांनी परत एकदा वाचलं, बोट फिरवून. छापल्यासारख्या अक्षरांत त्यांचं नाव असं कशावर लागलं नव्हतं.

रविवारी सकाळी काकींनी कोंबड्या टोपल्यातून सुनिलच्या दुकानापाशी आणल्या. काकांनी प्रत्येकीच्या पंखाखाली सुतळी घेऊन पाठीवर लेबल बसवलं, वर खळीचा हात फिरवला. अगदी सरळ. डोंबिवलीच्या त्या बाई आल्या. सुनिल, विठूकाका, आम्ही सगळे जमलो होतो. काकांनी घसा साफ करून बोलायला तोंड उघडलं, आणि तांबड्या कोंबडीने शेजारणीच्या पाठीवरचं लेबल टचकन टोचलं. खळ गोड लागली असावी. तिने अजून एक घास घेतला. ते बघून बाकीच्यांना कळलं, की सगळ्यांच्या पाठीवर न्याहारी वाढलेली आहे. बघता बघता त्या गोल फिरत एकमेकींची लेबलं फाडून खायला लागल्या. 'किन्हवलीत जन्म' एकीने खाल्लं, 'जनी देवराम' दुसरीने पळवलं.

काका टोपल्यावर झेपावले. "अरे सुनिल, धर, धर! जन्म खाल्ला तिनं!"

बाई हसून हसून गाडीला टेकल्या. त्यांनी विचारलं, "या लेबलावर खाद्य काय लिहिलं होतं हो?"

"जे दिसेल ते," विठूकाका म्हणाले.

"मग बरोबर आहे. द्या मला ही तांबडी."

काकींनी तांबडी द्यायला साफ नकार दिला. ती त्यांची लाडकी होती. त्यांनी दुसरी दिली, आणि आपण होऊन ती कशी शिजवायची, खोबरं किती भाजायचं, ते गाडीच्या खिडकीत वाकून सांगत बसल्या. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. काकींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

दुपारी काकांच्या घरातून गावठी रश्शाचा वास आला. आई म्हणाली, डाळभात सुटला वाटतं. मी कुंपणावरून डोकावलो. काका ओटीवर मांडी घालून जेवत होते, नाकावर घाम, समोर तांदळाची भाकरी. काकी वाढता वाढता म्हणाल्या, "कधी कापली ते विचारनार नाय का?"

"तू आंघोळीला पाठवलंस तवा," काका म्हणाले. "मी ऐकली ना. अजून वाढ थोडा रस्सा."

आता काका आठवड्यातून एकदा आसनगावला जातात. विकत घ्यायला नव्हे. त्या काचेच्या दुकानात नवी लग्न झालेली जोडपी, एकटी राहणारी पोरं फ्रिजसमोर गोंधळून उभी असतात. काका चष्मा लावून त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहतात. तारीख बघा, परवान्याचा नंबर बघा, पाकीट गार आहे का आणि फुगलेलं नाही ना ते बघा, आत पाणी साचलंय का ते बघा. बाकीची हिरवी अक्षरं नवऱ्यामुलाच्या बायोडाट्यासारखी वाचा. रविनाच्या मालकाने एकदा नाराजी दाखवली. पण काका असतात त्या दिवशी लोक जास्त वेळ थांबतात आणि रिकाम्या हाताने जात नाहीत, हे लक्षात आल्यावर त्याने त्यांच्यासाठी दाराजवळ एक स्टूल ठेवलं. परवा मी गेलो तेव्हा काका त्यावर बसून एका मुलाला अंड्याच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवत होते, आणि रविना काउंटरवर हनुवटी टेकवून ऐकत होती.